तपासणीत पास

दवाखान्याच्या इमारतीतून बाहेर पडले तेव्हा मी भलतीच खुशीत होते. डॉक्टर हसले होते, आणि साधंसुधं नाही, चष्मा काढून डोळे पुसण्याइतकं हसले होते, निघताना म्हणाले, "तुमच्यासारखे पेशंट असले ना, की दिवस बरा जातो." हे वाक्य मनात घोळवत मी जिने उतरले. फुटपाथवर आल्यावर चपलेचा पट्टा सुटलेला दिसला म्हणून वाकले, पट्टा लावला, उठले, आणि उठता उठता ते झालं. ते म्हणजे तेच, ज्याच्यासाठी मी डॉक्टरांकडे गेले होते. छातीत आधी एकदम काहीच नाही, नुसतं रिकामं, आणि मग कुणीतरी घाईघाईनं जिना उतरत यावं तशी धडधड, गळ्यापर्यंत, कानांपर्यंत, आणि नजरेच्या कडा करड्या. हाताला लागलं ते मी धरलं. हाताला लागली ती कुणाची तरी उभी गाडी होती, आणि ती गाडी अशी काही कोकलायला लागली की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. इमारतीचा पहारेकरी धावत आला. "अहो बाई, गाडीला कशाला हात लावता?" मी तोंडभर हसले आणि म्हणाले, "काही नाही हो, काही नाही." तो गाडीभोवती फिरून ओरखडा वगैरे बघत होता, गाडी बोंबलत होती, माझ्या छातीतलं ते अजून जिना उतरत होतं, आणि माझं आपलं चाललंच होतं, काही नाही, काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर डॉक्टरांनाही मी अगदी हेच, याच आवाजात, असंच मान हलवत सांगून आले होते.

आता याला काय म्हणायचं? या भेटीसाठी मी आधीपासून वेळ घेतली होती, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, नवऱ्याला नेहमीची वार्षिक तपासणी असल्याचं सांगितलं होतं. येताना रस्ताभर मनाशी वाक्य जुळवलं होतं, की डॉक्टर, मला वाकून उठलं की छातीत असं असं होतं. आत गेले. डॉक्टर म्हणाले, "काय म्हणताय?" आणि मी म्हणाले, "म्हणायचं काय, तुमचं ऐकायला आलेय." संपलं. गाडी रुळावरून घसरली ती घसरलीच. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसते हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते विचारतातच, काय, यंदा काय नवीन? मग मी त्यांना त्या बाईंची गोष्ट सांगितली, ज्यांची तक्रार होती की लिफ्टमधला आरसा आपल्याला जाड दाखवतो, तो बदलून द्या, आणि आमचा मेकॅनिक तिथे गेल्यावर त्या म्हणाल्या, बघा ना, तुम्हीसुद्धा जाड दिसताय. डॉक्टर हसले. मला चेव आला. रक्तदाब मोजायच्या वेळी मी लांब श्वास घेऊन समुद्राचा वगैरे विचार केला आणि आकडा छान आला. छातीला चकत्या लावून आलेख काढला, तर माझं हृदय पाहुण्यांसमोर आणलेल्या मुलासारखं शहाण्यासारखं वागलं. "अजून काही त्रास?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, पेन हातात धरून, माझ्याकडे बघत. आणि मी म्हणाले, "छे हो, बाकी सगळं ठीक." बाकी! बाकी म्हणायला आधी काहीतरी सांगावं लागतं, एवढंही मला सुचलं नाही.

पण यात माझ्या एकटीचा दोष नाही, हे खानदानी आहे. आमच्या घरात डॉक्टरकडे बरं व्हायला कुणी जात नसे, पास व्हायला जात. आदल्या दिवसापासून तयारी. नखं कापायची, पायाच्या टाचा घासायच्या, इस्त्रीचे कपडे, आणि आईची ताकीद, की त्यांना उगीच हे दुखतं ते दुखतं करून भंडावू नका, विचारतील तेवढंच बोला. खोकला झाला म्हणून न्यायची आणि दारातच डोळे वटारून सांगायची, आत खोकू नकोस. तिनं स्वतः तर कमालच केली होती. तिचे डोळे तपासायचे होते. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तिनं आतल्या पेशंटांना भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचताना ऐकलं, आणि तिची पाठांतराची शक्ती दांडगी. नंबर येईपर्यंत सगळा तक्ता, अगदी तळाच्या मुंगीएवढ्या ओळीसकट, तिच्या तोंडपाठ. आत जाऊन तिनं तो धाडधाड म्हणून दाखवला. डॉक्टर थक्क. बाहेर येऊन ती आम्हाला म्हणाली, "चष्मा नको म्हणाले," आणि परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी घरभर मिरवली. मग वर्षभर ती समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसांना ओळखत नव्हती आणि अनोळखी माणसांशी प्रेमानं बोलत होती. तिला फार गर्व झालाय अशी तक्रार एका मावशीनं केली तेव्हा कुठे तिला पुन्हा नेलं. चष्मा लावून पहिल्यांदा घरात आल्यावर ती बराच वेळ भिंतींकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, घर इतकं कळकट झालंय आणि मला कुणी सांगितलं नाही?" आम्ही लोळून लोळून हसलो. ती गोष्ट अजूनही आमच्यात सांगतात आणि अजूनही हसतात. बाबांची गोष्ट सांगत नाहीत. बाबा माझ्यासारखेच होते, म्हणजे मी त्यांच्यासारखी. डॉक्टरांच्या खोलीतून त्यांच्या हसण्याचा आवाज बाहेर बाकापर्यंत यायचा. रक्तदाब मोजताना समुद्राचा विचार करायचा, ही युक्ती त्यांचीच. शेवटच्या तपासणीतही ते पास झाले होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी कपाटातून बूट काढायला वाकले ते उठलेच नाहीत.

गाडी एकदाची गप्प झाली. पहारेकरी माझ्याकडे संशयानं बघत दाराशी जाऊन उभा राहिला. धडधड ओसरली होती, नेहमीसारखी, आपण नव्हतोच असं दाखवत. घरी जायचं तर बसचा थांबा डावीकडे होता आणि दवाखाना पाठीमागे. मी डावीकडे चार पावलं गेलेसुद्धा. पुढच्या वेळी सांगू, असं मनात म्हणालेसुद्धा. मग बाबांचे बूट डोळ्यांसमोर आले, काळे, एकाची नाडी सुटलेली, आणि मी एकदम उलटी फिरले. "आता काय?" पहारेकरी म्हणाला. "वर जायचंय," मी म्हणाले, आणि मला स्वतःच्याच आवाजाचं आश्चर्य वाटलं.

पण वर जाणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून विचारलं, "मॅडम, काही विसरलं का?" हिला सांगायचं तरी काय? की हो, मुद्दा विसरला? बाकांवर माणसं बसलेली, सगळ्यांचे कान माझ्याकडे. मी म्हणाले, "छत्री." तोंडाला येईल ते. तिनं काउंटरखाली हात घातला आणि एक छत्री काढून माझ्या हातात दिली. लाकडी मुठीची, लांबलचक, पुरुषी. माझी नव्हती. मी छत्री आणलीच नव्हती. "थँक्यू," मी म्हणाले. आता पुढे? छत्री मिळाली म्हणजे माणसानं निघायला हवं. मी निघाले नाही, त्या परक्या छत्रीवर हात टेकून बाकाच्या टोकाला बसले, पाय दुखत असल्यासारखं थोडं कण्हलेही. शेजारचे आजोबा माझ्याकडे आणि छत्रीकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांचीच असेल तर? माझे कान गरम झाले. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि दवाखान्यातून छत्री चोरतेय.

बसल्या बसल्या वाक्य पुन्हा जुळवायला घेतलं. डॉक्टर, मगाशी एक सांगायचं राहिलं. छे, हे फार हलकं झालं, जणू रेसिपी सांगायची राहिली. डॉक्टर, मला फार त्रास होतोय. हे फार जड, आणि आत्ता तर काहीच होत नव्हतं. हीच तर खरी पंचाईत. ते डॉक्टरांसमोर कधी होत नाही. फोनवर रोज माणसं मला हेच सांगतात, अहो, सकाळपासून लिफ्ट धडाधडा वाजतेय आणि तुमचा माणूस आला की गुपचूप, मला खोटं पाडते. मी त्यांना धीर देते. मेकॅनिकला दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं नसतं, तुम्ही फक्त मला नीट सांगा, असं म्हणते, आणि मग एक एक विचारून त्यांच्याकडून सगळं काढून घेते. कुणी संतापून फोन करतं, कुणी रडवेलं होऊन, आणि बहुतेक जण सुरुवातीला भलतंच बोलतात, सोसायटीचे अध्यक्ष कसे नालायक आहेत वगैरे, आणि फोन ठेवता ठेवता सांगतात की काल लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली होती. म्हणून आम्ही फोन ठेवायची घाई करत नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडून तक्रार काढतेय आणि स्वतःची एक मला बाहेर काढता येत नाही! हसू आलं. आजोबांना वाटलं मी त्यांनाच हसले, त्यांनी तोंड फिरवलं.

घरी का नाही सांगितलं, असं कुणी विचारेल. कारण माझा नवरा पोहायला शिकवतो. गंमत नाही, खरंच हेच कारण आहे. तलावाच्या काठावर उभं राहून पलीकडच्या टोकाच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची त्याला सवय, आणि कुणी नुसता ठसकला तरी कपड्यांसकट उडी मारायची दुसरी सवय. मला साधी सर्दी झाली तर तो शेजारपाजार गोळा करतो. एकदा मला कांदा चिरताना रडताना बघून त्यानं माझ्या बहिणीला फोन लावला होता. त्याला जर कळलं की माझ्या छातीत काही होतंय, तर तो मला खुर्चीत बसवेल, खुर्चीसकट उचलेल आणि जो पहिला दवाखाना दिसेल तिथं नेऊन ठेवेल. चांगला आहे बिचारा. पण मला आधी स्वतःशी नीट कबूल तरी करू दे, मग ओरडा कर, असं मला वाटत होतं. आणि कबूल केलं की ते खरं होणार, असंही वाटत होतं, कशाला लपवू.

दोन पेशंट आत जाऊन आले. वाक्य काही जमेना. शेवटी मी छत्री बाकावर ठेवली आणि बाहेर जिन्याच्या चौकात आले. तिथे लिफ्टचं दार, दाराशेजारी आमच्याच कंपनीची पट्टी, आणि पट्टीवर आमचाच नंबर. रोज हजारदा उच्चारलेला. मी कधीच तो लावला नव्हता. आज लावला. दोनदा घंटी वाजल्यावर चिमणीचा आवाज आला. चिमणी म्हणजे माझ्या पलीकडच्या खुर्चीत बसणारी. अंगानं चांगली थोराड आहे, पण आवाज असा बारीक की पहिल्याच दिवशी नाव पडलं ते पडलं. "नमस्कार, तक्रार विभाग, बोला."

"चिमणे, मी बोलतेय."

"तू? अगं तू रजेवर ना? आणि या नंबरवर काय करतेस, साहेबांनी पाहिलं तर माझं डोकं खातील."

"माझी तक्रार घे."

"कसली तक्रार? कुठली इमारत?"

"इमारत नाही. माझी. माझी स्वतःची. मला आत जाऊन सांगता येत नाहीये गं. तू घे. आपण घेतो तशी."

मागे दुसऱ्या फोनांची किणकिण, कुणाचं तरी "हो सर, नोंद झाली सर," पंख्याची घरघर. तो सगळा आवाज मी रोज आतून ऐकते, आज बाहेरून ऐकत होते. मग चिमणीनं घसा खाकरला आणि तिचा ऑफिसचा आवाज लावला, तो स्वच्छ, बिनघाईचा. "बोला. काय होतंय?"

"वाकून उठलं की छातीत एक ठोका चुकल्यासारखं होतं आणि मग खूप जोरात धडधडतं."

"कधीपासून?"

"हिवाळा संपत आला होता तेव्हापासून. आधी क्वचित. आता आठवड्यातून दोन-तीनदा."

"थांबतं आपोआप?"

"थांबतं."

"तेवढ्या वेळात आणखी काय होतं? सगळं सांगा, काही गाळू नका."

"डोळ्यांसमोर अंधारी येते. काहीतरी धरावं लागतं. एकदा..." हे मी मनातल्या मनातसुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. "एकदा काही क्षण मी नव्हतेच. म्हणजे, कळलं नाही मला. खुर्चीतच होते, पण मधलं काही आठवत नाही."

"त्या दिवशी," चिमणी म्हणाली, आणि तिचा ऑफिसचा आवाज कुठल्या कुठे गेला. "पाण्याची बाटली उचलायला वाकली होतीस. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत होता आणि तू समोर नुसती बघत बसलीस. मी तुझा फोन माझ्याकडे घेतला. तुला वाटलं मला कळलं नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू लगेच मला म्हणालीस, काही नाही, झोप झाली नाही. मला वाटलं, हिला सांगायचं नाहीये. रोज वाट बघतेय, बाई." ती नाक ओढत होती. मग पुन्हा तो आवाज तिनं लावला, कसाबसा. "वाचून दाखवते. चूक असेल तर सांगा." आणि तिनं वाचलं. वाकून उठल्यावर ठोका चुकल्यासारखं, मग धडधड, हिवाळ्यापासून, आता आठवड्यातून दोन-तीनदा, अंधारी, एकदा शुद्ध हरपली. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की आपलंच दुखणं किती सरळ, किती साधं वाटतं! त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. कुणाही बाईनं फोनवर हे सांगितलं असतं तर मी म्हणाले असते, थांबा, तुमच्याकडे आधी पाठवते, बाकीचे थांबतील.

"बरोबर," मी म्हणाले.

"आता आत जा. आणि ऐक, पहिलं वाक्य हेच. हवापाणी नाही, आरशाची गोष्ट नाही. तुला मी ओळखते."

"ती आधीच सांगून झाली."

"कर्म माझं," चिमणी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता मी भिंतीला टेकले. लिफ्टचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर आलं, मला एकटीला जिन्यात हसताना पाहून बाजूनं गेलं.

काउंटरवरच्या मुलीला मी जाऊन म्हणाले, "ती छत्री माझी नव्हती. मी खोटं बोलले. मला पुन्हा आत जायचंय, महत्त्वाचं सांगायचं राहिलंय." मला वाटलं होतं ती कपाळाला आठ्या घालेल. ती म्हणाली, "एवढंच ना? रोज कुणीतरी परत येतं, मॅडम. बसा, हे आजोबा झाले की सोडते." छत्री आजोबांचीही नव्हती. तेव्हाच विचारलं असतं तर माझे कान फुकट तापले नसते.

आत गेल्यावर डॉक्टर हसूनच म्हणाले, "काय, आणखी एक गोष्ट राहिली?" आणि तो क्षण फार वाईट होता. जिभेवर विनोद आलासुद्धा. खरंच आला, चांगला होता. मी तो गिळला. उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, वाकून उठलं की, आणि थांबलेच नाही, शुद्ध हरपल्यापर्यंत आले आणि मगच खुर्चीत बसले. डॉक्टरांचं हसू हळूहळू गेलं. ते रागावले नाहीत. मला ती भीती होती, की म्हणतील, मगाशी विचारलं तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती का? त्यांनी मगाचा कागद पुन्हा समोर ओढला. "तुमचे वडील कशानं गेले होते?"

"मागे मी सांगितलं होतं तुम्हाला, वयानं."

"ते लिहिलंय माझ्याकडे. म्हणून पुन्हा विचारतोय. किती वय होतं?"

मी मनाशी हिशोब केला. आश्चर्य म्हणजे तो हिशोब मी कधी केलाच नव्हता. माझ्यासाठी बाबा कायम म्हातारेच होते, कारण मी लहान होते. "माझ्याएवढे," मी म्हणाले. "फार तर थोडे मोठे." मग बुटांचं सांगितलं, वाकल्याचं सांगितलं, आदल्याच तपासणीत सगळं उत्तम निघाल्याचं सांगितलं. डॉक्टर लिहीत होते. माझं मलाच नको झालं, म्हणून मी घाईनं म्हणाले, "पण डॉक्टर, आत्ता काहीच होत नाहीये. तुमच्यासमोर कधी होतच नाही. तुम्हाला दाखवायला माझ्याकडे काही नाही."

"मला दिसायची गरज नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगताय ना."

एवढंसं वाक्य. मला वाटतं, मी आयुष्यात त्या खुर्चीवर किंवा तसल्या कुठल्याही खुर्चीवर रडले नव्हते. त्या दिवशी रडले, अगदी नाक पुसायला त्यांच्या टेबलावरचे चार-पाच कागदी रुमाल लागले. डॉक्टर लिहीत राहिले, मधून एकदा रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला, बस. मग त्यांनी नीट समजावलं. की बऱ्याच जणांचं यातून साधंसंच निघतं, पण शुद्ध हरपली म्हणताय आणि वडिलांचं असं झालेलं, तेव्हा नुसतं ठीक म्हणून सोडायचं नाही. अंगाला एक यंत्र लावू, ते दिवसरात्र ठोके टिपत राहील. छातीचं चित्र काढू. यंत्र निघेपर्यंत एकटीनं कुठे जायचं नाही, आणि पुन्हा शुद्ध गेली तर माझी वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात. "मी काय काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा बघू," ते म्हणाले. मी सांगितलं. एक चुकलं, ते त्यांनी दुरुस्त केलं. "आणि घरी सांगा," ते म्हणाले. "आज."

यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, कमरेला अडकवायची, आणि तिच्यातून निघून छातीला चिकटलेल्या तारा. तसलं काही झालं की डबीवरचं बटण दाबायचं. मी फोन केल्यावर चिमणी ऑफिसातून परस्पर दवाखान्यात आली आणि मला घरापर्यंत पोचवून गेली, वाटेत पंचवीस वेळा विचारत, की आज सांगणार ना. मी सांगणार होते. पण संध्याकाळी नवरा तलावावरून इतका खुशीत आला, त्याच्या वर्गातल्या एका आजींनी पहिल्यांदा अख्खी लांबी पार केली होती आणि काठाला हात लागल्यावर त्याला मिठी मारली होती, की मी म्हटलं, जेवण होऊ दे. जेवण झालं. मग म्हटलं, सकाळी. सैल कपडे घातले, डबी लपवली, थंडी वाजतेय म्हणून सांगितलं, त्यानं लगेच दोन पांघरुणं आणून टाकली.

सकाळी तो आंघोळीला गेला आणि मी कामाला लागले. काम म्हणजे वाकणं. आयुष्यात मी इतकी कधी वाकले नसेन. कपड्यांचे चिमटे मुद्दाम खाली टाकून एक एक उचलला. कपाटाचा तळचा खण उघडला, लावला, उघडला. पलंगाखालून एक जुना मोजा निघाला, तोही उचलला. ये ना रे, मी मनात म्हणत होते, इतके दिवस नको तेव्हा आलास, आज तुझ्यासाठी सगळी तयारी केलीय तर कुठे तोंड काळं केलंस? आणि ओट्याखालचं मोठं भांडं काढून उठताना, कसलीही कल्पना नसताना, ते आलं. ते रिकामं, मग धडधड, गळ्यापर्यंत, कानांपर्यंत. मी बटण दाबलं. दाबता दाबता ओट्याला धरून खाली बसले आणि मोठ्यानं ओरडले, "आला, आला!" असल्या गोष्टीचा मला इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"कोण आलं?" नवरा न्हाणीघरातून ओरडला आणि पंचा गुंडाळून, अंगावरून पाणी निथळत, तसाच धावत आला. मी फरशीवर बसलेली, गळ्यापाशी तार बाहेर आलेली, हातात डबी, आणि तोंडावर हसू. त्यानं तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याचे पाय दाराकडे वळले, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे; त्याला एकाच वेळी सगळीकडे धावायचं होतं.

"धावू नकोस," मी म्हणाले. "आधी बस इथे. थांबतंय ते. मला सांगायचंय."

तो बसला, तिथेच, ओल्या फरशीवर. मी त्याला सगळं सांगितलं, हिवाळ्यापासूनचं, बाटलीचं, बाबांच्या वयाचं, काल रात्री जेवणानंतरही न सांगितलेलं, आणि शेवटी म्हणाले की मला भीती वाटते, खूप भीती वाटते.

"मलाही," तो म्हणाला, अगदी हळू, आणि तसाच ओल्या अंगानं माझ्या शेजारी बसून राहिला.